गाणं आधी गळ्यात बसू द्या

प्रश्न

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३८. तीन वर्षांपूर्वी तिने गिटार घेतली आणि व्हिडिओ पाहून शिकायला सुरुवात केली. साध्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) वाजतात, स्ट्रमिंगही (ठेक्यात तारांवरून हात खाली-वर फिरवणं) जमतं. गाण्याची आवड लहानपणापासूनची. काम करताना काहीतरी गुणगुणत असते आणि ते सुरात असतं, असं ऐकणारे सांगतात. पण दोन्ही एकत्र करायला गेलं की सगळं विस्कटतं. गायला लागली की हात थांबतो, हाताकडे बघितलं की शब्द निसटतात. नवं गाणं घेते, आठवडाभर उत्साह टिकतो, मग ते अर्धवट राहतं आणि दुसरं सुरू होतं. वहीत अशी वीसेक गाणी जमली आहेत, पण कोणी ‘म्हण ना एखादं’ म्हटलं तर एकही शेवटपर्यंत म्हणता येत नाही. बहीण म्हणते, एक काहीतरी धड कर. ओळखीतले एक वादक म्हणतात, आधी दोन वर्षं नुसता हात तयार कर, गाण्याचं नंतर बघ. तिचे प्रश्न असे: गाणं आणि वाजवणं एकाच वेळी जमणं ही उपजत देणगी आहे का? तसं असेल तर गाणं सोडून नुसती गिटार वाजवावी का? की क्लास लावावा?

उत्तर

मैत्रिणी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, ही उपजत देणगी नाही. गुणगुणताना तुमचा पाय ठेका धरतो का ते एकदा बघा. बहुतेक धरत असणार. म्हणजे दोन कामं एका वेळी तुम्ही करताच आहात. पायाकडे लक्ष द्यावं लागत नाही एवढंच. गिटार घेऊन गाणारा माणूस दोन्हीकडे सारखंच लक्ष देतोय असं समोरच्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा हात त्याला काही विचारायला येत नाही. पुढची कॉर्ड हाताला ठाऊक असते, म्हणून लक्ष गाण्यात राहतं. तुमचा हात अजून दर ओळीला ‘आता कुठे जायचं?’ असं विचारतो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी गळ्याला थांबावं लागतं.

पण तुमचं पत्र पुन्हा वाचल्यावर मला वाटलं, अडचण हातापाशी सुरू होत नाही. नवं गाणं कसं घेता ते तुम्ही लिहिलं आहे: इंटरनेटवर कॉर्ड शोधता, त्या बसवता, मूळ गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवता, आणि ‘शेवटी वरून गाणं टाकते’. आणखी एक वाक्य जाता जाता आलं आहे. मुखड्यात आवाज खाली दबतो, म्हणून तुम्ही वरच्या सप्तकात जाता आणि मग अंतऱ्यात ओरडल्यासारखं होतं. ही दोन वाक्यं एकमेकांशी जोडलेली आहेत. तुम्ही गाणं गिटारकडून सुरू करता, त्यामुळे पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, दुसऱ्याच कोणाची तरी येते आणि तुमच्या गळ्याला तिच्यात कसंबसं मावावं लागतं. जो गळा सूर शोधण्यात गुंतला आहे, तो हाताला मोकळीक कुठून देणार? म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. गाणं आधी गळ्यात बसू द्या, मग हातात घ्या.

सुरुवात पट्टीपासून. गिटार खाली ठेवा आणि गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी म्हणा, ती बहुतेक अंतऱ्यात असते. मुखड्यावरून पट्टी ठरवली की अंतऱ्यात फसगत होते, हे पेटीवर गाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. उंच ओळ मान न ताणता म्हणता आली की तिथूनच सगळ्यात खालच्या सुराची ओळ म्हणून बघा. दोन्ही टोकं आरामात लागतात अशी जागा सापडली की सा धरा आणि ट्यूनरसमोर तो सा नुसता लांबवा. ट्यूनर जे अक्षर दाखवेल ती तुमची पट्टी. पेटीच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी पाच म्हणजे जी.

आता एक उदाहरण घेऊ. पुरुषाच्या आवाजातलं गाणं आहे आणि कॉर्ड मिळाल्या डी, जी, ए आणि बी मायनर, म्हणजे पांढरी दोनची पट्टी. तुमचा सा निघाला पांढरी पाचवर. पुरुष आणि स्त्री यांच्या पट्टीत बरेचदा चार-पाच सेमीटोनचं (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं सगळ्यात लहान अंतर) अंतर पडतं, त्यामुळे असं होणं अगदी साहजिक आहे. प्रत्येक कॉर्ड पाच सेमीटोन वर न्या. डीची जी होते, जीची सी, एची डी आणि बी मायनरची ई मायनर. या चारही उघड्या तारांच्या, पहिल्या महिन्यात शिकलेल्या कॉर्ड आहेत. ज्या बी मायनरच्या बार कॉर्डपाशी, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबायच्या कॉर्डपाशी, बोट दुखून गाणं सुटलं असेल, ती कॉर्ड तुमच्या पट्टीत उरतच नाही. सा काळी चारवर, म्हणजे जीच्या एक सेमीटोन वर, निघाला तर याच आकारांवर पहिल्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबीपाशी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की सगळं एक सेमीटोन चढतं, बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. कॅपो म्हणजे नवशिक्यांची कुबडी असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. गळ्याला सोयीची पट्टी शोधणं हे गायकाचं पहिलं काम आहे.

पट्टी ठरली की गाणं पाठ करा. तुम्ही म्हणाल, गाणं तर पाठच आहे. मूळ गाणं लावून त्याच्यामागून म्हणणं आणि पाठ असणं यांत फरक असतो. कसोटी सोपी आहे. दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ, पहिल्यापासून मनात न घोळवता, लगेच म्हणता येते का? येत नसेल तर शब्द स्वतःच्या हाताने वहीत लिहा. छापलेले नको, फोनवरचेही नको. लिहिताना कोणती ओळ दोनदा येते, कुठे श्वास घ्यायचा, अंतऱ्यावरून मुखड्याकडे कोणत्या शब्दाने वळायचं, हे आपोआप कळत जातं. मग दोन-तीन दिवस गिटारला हात न लावता, पायाने ठेका धरून ते गाणं म्हणत राहा. हे दिवस वाया जात नाहीत. पुढची अर्धी मेहनत इथेच वाचते.

आता जिथे बहुतेक जण अडखळतात आणि का ते त्यांना कळत नाही, त्या जागेवर येते: सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गाण्याचा पहिला शब्द पहिल्याच मात्रेवर सुरू होतो असं आपण गृहीत धरतो. पुष्कळ गाण्यांत तसं नसतं. एक साधं बोलण्यातलं वाक्य घ्या: ‘उद्या सकाळी लवकर ये.’ ते आठ मात्रांच्या केहरव्यात बसवून बघा. ‘उ’ सहाव्या मात्रेवर, ‘द्या’ सातव्या, ‘स’ आठव्या आणि ‘का’ समेवर. ‘का’ दोन मात्रा घेतो, ‘ळी’ दोन मात्रा, मग ल-व-क-र ही चार अक्षरं पाच, सहा, सात, आठवर आणि ‘ये’ पुन्हा समेवर. आता हाताचं बघा. ‘उद्या स’ म्हणताना हात आधीच्या आवर्तनाच्या शेपटावर आहे. समजा, जीची कॉर्ड ‘का’वर पडायला हवी आणि डीची ‘ये’वर. ‘उ’बरोबर जी वाजवून ओळ सुरू केली तर पुढे प्रत्येक शब्द तीन मात्रा चुकीच्या जागी पडतो. मग कितीही रियाज केला तरी हात आणि गळा एकमेकांशी भांडत राहतात, आणि माणूस म्हणतो, मला दोन्ही एकत्र जमतच नाही.

म्हणून वहीत कॉर्डचं नाव ओळीच्या डोक्यावर अंदाजाने लिहू नका. ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते, नेमक्या त्या अक्षराखाली रेघ ओढा. मूळ गाणं लावा, टाळी धरा, आणि सम कोणत्या अक्षरावर येते ते कानाने शोधा. हे काम एका गाण्याला एकदाच करावं लागतं. गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात असेल तर हाच शोध सहा मोजून घ्यायचा. दादऱ्याच्या गाण्यावर चार ठोक्यांचं स्ट्रमिंग चढवायला गेलं की काय होतं हे तुमच्या वहीतलं एखादं गाणं तुम्हाला सांगेल.

इथपर्यंत आल्यावर गिटार हातात घ्या, पण कॉर्ड अजून नको. डावा तळवा तारांवर हलका टेकवून त्या मुक्या करा आणि उजव्या हाताने नुसता ठेका धरा. केहरव्यासाठी विषम मात्रेला हात खाली, सम संख्येच्या मात्रेला वर. हात सतत हलता ठेवायचा. एखाद्या मात्रेला आवाज नको असेल तर हात तारांना न लावता तसाच पुढे न्यायचा, थांबवायचा नाही. स्ट्रमिंगचे ते सगळे अवघड वाटणारे नमुने याच एका हालचालीतून, काही ठोके गाळून तयार होतात. या ठेक्यावर आधी शब्द नुसते बोला. मग गा. मुक्या तारांवर संपूर्ण गाणं म्हणता आलं की एकच कॉर्ड धरून म्हणा, साची. सूर मधूनच विसंगत वाटेल, वाटू दे. मग दोन कॉर्ड, आणि शेवटी सगळ्या. हात कुठल्या टप्प्यावर थांबतो ते अशा वेळी स्पष्ट दिसतं.

माझा अंदाज सांगते: तो कॉर्ड बदलण्याच्या जागी थांबेल. तेव्हा तेवढाच सांधा सुटा काढा. आधीच्या ओळीची शेवटची दोन अक्षरं आणि नव्या कॉर्डवरचं पहिलं अक्षर, बस. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणा आणि वाजवा, अगदी सावकाश, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. बोटं कुठे जातात तेही बारकाईने बघा. सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाही, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. तरीही कित्येक जण तिन्ही बोटं उचलून नव्याने ठेवतात. जी, सी आणि ई मायनर यांची अशी रूपं आहेत की अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला, तिन्ही कॉर्डमध्ये तशीच राहतात. काटेकोर बोलायचं तर त्यातली सी म्हणजे सी अॅड नाइन आणि ई मायनर म्हणजे ई मायनर सेव्हन, पण गाण्याच्या साथीला ती सुरेख चालतात. दोन बोटं जागेवर असली की हात चाचपडत नाही.

तुमच्या वीस अर्धवट गाण्यांमागे एक सवय असावी, असं मला वाटतं. चूक झाली की तुम्ही पहिल्यापासून सुरू करत असणार. जवळजवळ सगळेच करतात. त्यामुळे मुखडा शंभर वेळा वाजतो आणि दुसरा अंतरा पाच वेळा. गाणं पुढे पुढे कच्चं होत जातं, मग ते संपवण्याचा धीरही सुटतो. यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेवटाकडून शिकणं. शेवटचा अंतरा आधी, मग त्याच्या आधीचा, मुखडा सगळ्यात नंतर. असं बसवलेलं गाणं म्हणताना तुम्ही कायम ओळखीच्या मुलखाकडे जात असता आणि आवाजात निवांतपणा येतो. आणि सबंध गाणं म्हणायला घेतलं की चुकलं तरी थांबायचं नाही. कॉर्ड उशिरा लागली, लागू दे. उजवा हात आणि गळा चालू राहिला पाहिजे, डावा हात मागून येऊन मिळेल. चुका दुरुस्त करण्याची वेळ वेगळी आणि गाणं म्हणण्याची वेळ वेगळी ठेवा.

‘पूर्ण येणं’ म्हणजे काय, याबद्दलही तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. तुम्ही लिहिता की मूळ गाण्यासारखं वाजत नाही, सुरुवातीची सुरावट येत नाही, मधला तुकडा येत नाही. मूळ गाण्यात कित्येक वाद्यं असतात. त्या सगळ्यांचं काम एका गिटारने आणि तेही गाता गाता करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मुखडा आणि सगळे अंतरे, तुमच्या पट्टीत, लयीत, सलग म्हणता आले की गाणं आलं. तिथे खूण करा. सुरुवातीची सुरावट महिन्याभराने जोडा किंवा कधीच जोडू नका, तिच्या जागी साच्या कॉर्डचं एक आवर्तन वाजवून सुरू करा. गाण्याच्या आधी आलाप असेल किंवा एखादी ओळ लयीबाहेर म्हणायची असेल तर कॉर्ड एकदा छेडून घुमू द्या आणि गा. तिथे ठेका धरलात तर आलाप गुदमरतो.

काही गाणी अशीही असतात की त्यांच्यावर कुठलीच कॉर्ड नीट बसत नाही, विशेषतः रागाच्या अंगाने जाणारी. ती सोडून देऊ नका. सा पांढरी दोनवर आणता आला तर गिटारची मोकळी चौथी तार सा देते आणि मोकळी पाचवी तार खालचा प. या दोन तारा तानपुऱ्यासारख्या छेडत ते गाणं म्हणून बघा. इंटरनेटवरच्या कॉर्डपेक्षा तुमचा कान खरा, हेही लक्षात असू द्या. कोमल गंधाराच्या गाण्याला कोणी साची मेजर कॉर्ड लिहून ठेवली असेल तर ती खुपणारच, तिथे मायनर हवी.

आता तुमच्यापुढचे पर्याय. गाणं सोडून नुसती गिटार वाजवणं हा कमी दर्जाचा मार्ग मुळीच नाही. बोटांनी सुरावट आणि साथ दोन्ही वाजवणं हे एक स्वतंत्र, सुंदर अंग आहे. पण ते आवडतं म्हणून शिकावं. तुमच्या चार पानी पत्रात गिटारच्या आवाजाबद्दल एक ओळ आहे आणि गाण्याबद्दल दोन पानं. गाण्यापासून पळून तुम्ही तिकडे गेलात तर तिथेही मन लागणार नाही.

वादकांचा सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे, त्यांना वादक व्हायचं होतं. तुम्हाला गायचं आहे आणि गाण्याला साथ हवी आहे. त्या साथीला लागणारा हात गाता गातानाच तयार होतो. दोन वर्षं न गाता वाजवलंत तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच जागी असाल, फक्त बोटं जास्त चपळ असतील. बहिणीचं म्हणणं मात्र मी निम्मं मान्य करते. ‘एक काहीतरी’ म्हणजे गाणं किंवा गिटार यांतलं एक नव्हे, तर एका वेळी एक गाणं.

क्लास लावायला हरकत नाही, पण लावण्यापूर्वी शिक्षकांना दोन गोष्टी विचारा. ते स्वतः गाता गाता वाजवतात का, आणि तुमची पट्टी शोधून त्या पट्टीत गाणं बसवून देतील का? पहिल्या तासाला तुम्हाला न ऐकताच ठरलेला अभ्यासक्रम पुढे करणारे शिक्षक तुमच्या अडचणीला उपयोगी पडणार नाहीत, मग ते कितीही उत्तम वाजवत असोत. गाणाऱ्या शिक्षकांकडे आठवड्याला एक तास मिळाला तर सम शोधण्याचं काम खूप लवकर होईल, कारण आपली लय कुठे घसरते ते स्वतःला ऐकू येणं कठीण असतं. शिक्षक मिळेपर्यंत फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की फक्त चुकाच ऐकू येतात.

वेळेचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं पुरतात. सुट्टीच्या दिवशी एकदम तीन तास बसून बोटं सोलून घेण्यापेक्षा ती बरी. तारा गंजलेल्या असतील तर बदला. फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर त्या थोड्या खाली करून घ्या. तीन वर्षांनंतरही बोटं खूप दुखत असतील तर दोष बोटांचा नसण्याची शक्यता जास्त.

आता ती वही उघडा. वीस गाण्यांतून असं एक निवडा, ज्याचे सगळे शब्द तुम्हाला आत्ता, पान न उलटता आठवतात. सगळ्यात आवडतं गाणं नको, ते इतकं जपून हाताळलं जातं की पुढेच सरकत नाही. चारपेक्षा जास्त कॉर्ड असतील तर तेही बाजूला ठेवा. बाकीच्या एकोणीस गाण्यांची पानं पेपर क्लिप लावून बंद करा. हे एक गाणं शेवटच्या अंतऱ्यापासून सुरू करून मुखड्यापर्यंत आणा, आणि सलग म्हणता आलं की त्याच आठवड्यात बहिणीला समोर बसवून ऐकवा, मधे न थांबता. मग दुसरं घ्या, पण पहिलं रोज एकदा म्हणत राहा.